काठी उतारासाठी निवडा: ट्रेकिंग पोलच्या खरेदीचे सविस्तर मार्गदर्शन

इंदूरहून पायी भटकायला निघणाऱ्याची वाट बहुधा आधी खाली जाते आणि मग वर येते. आपले शहर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसले आहे. दक्षिणेकडे महू ओलांडले की विंध्याची कड लागते आणि तिथून जमीन निमाडच्या, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्याच्या दिशेने झपाट्याने उतरते. पातालपाणी, चोरल, जोगी भडक, हत्यारी खोह, मेहंदीकुंड ही आपल्या परिसरातली नेहमीची ठिकाणे या कडेवर किंवा तिच्या आसपासच्या घळींमध्ये आहेत. सह्याद्रीतला ट्रेकर पायथ्यापासून गड चढतो आणि दमलेल्या पायांनी उतरतो. आपण सकाळी ताज्या दमाने, काहीशा बेफिकिरीने दरीत उतरतो आणि दुपारच्या उन्हात तीच उंची पुन्हा चढून येतो. म्हणून ट्रेकिंग पोल निवडताना वजन, रंग किंवा कंपनीचे नाव यांच्या आधी एकच प्रश्न विचारावा, असे माझे ठाम मत आहे: ओल्या, निसरड्या उतारावर शरीराचा भार अचानक या काठीवर आला, तर ती तो पेलेल काय? पुढचे सर्व टप्पे याच प्रश्नाच्या आधाराने मांडले आहेत.

उतारावर पोलचा उपयोग होतो हे केवळ अनुभवाचे बोल नाहीत. हर्मान श्वामेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २५ अंशांच्या उतारावर दोन पोल घेऊन चालताना गुडघ्याच्या सांध्यावर येणारा जोर १२ ते २५ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. तो प्रयोग मोजक्याच पुरुषांवर झालेला होता आणि त्यांना पोल वापरण्याची सवय होती, त्यामुळे हा आकडा प्रत्येकाच्या गुडघ्याला दिलेली हमी समजू नये. शिवाय पायांचा भार काही अंशी हातांवर आणि खांद्यांवर जात असल्याने हृदयाचे ठोके किंचित वाढू शकतात. सपाट, चांगल्या रस्त्यावर पाठीवर ओझे नसताना निरोगी माणसाला पोलची गरज फारशी नसते. गुडघ्यात दुखणे आधीपासून असेल, तर पोल घेण्याआधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. काठी हा उपचार नाही.

पहिला टप्पा: आपल्या वाटा कागदावर लिहा

दुकानात जाण्यापूर्वी पुढच्या वर्षा-दोन वर्षांत आपण कुठे चालणार आहोत ते लिहून काढावे. पावसाळ्यात महू-चोरलच्या दऱ्यांमध्ये एका दिवसाच्या भटकंतीला जाणारा, डिसेंबरात उत्तराखंडात केदारकंठ्यासारख्या बर्फाच्या ट्रेकला जाणारा आणि ओंकारेश्वराहून नर्मदा परिक्रमेला निघणारा, या तिघांना लागणारे पोल सारखे नसतात. पहिल्याला चिखल आणि ओला खडक सांभाळायचा असतो. दुसऱ्याला थंडीत हातमोजे न काढता लॉक, म्हणजे पोलची लांबी पक्की धरून ठेवणारी पकड, उघडता आले पाहिजे आणि मऊ बर्फात काठी खोल रुतता कामा नये. तिसरा आठवडेच्या आठवडे चालतो, त्यातही पुष्कळसे डांबरी रस्त्यावर किंवा धुळीच्या गाडीवाटेवर, आणि काही बिघडले तर त्याला सुटा भाग मिळण्याची शक्यता जवळपास नसते.

परिक्रमेचा विषय निघालाच आहे, तर साध्या काठीबद्दलही लिहिले पाहिजे. परिक्रमावासी पूर्वापार हातात काठी घेऊनच चालत आले आहेत. मध्य प्रदेशाच्या जंगलांत वाढणाऱ्या भरीव बांबूची, छातीपर्यंत उंच काठी हे आजही उत्तम साधन आहे. चढावर ती खालून धरता येते, उतारावर वरून धरता येते, तिला लॉक नसल्याने ते सरकण्याची भीती नसते आणि वाटेत कुत्री अंगावर आली तर धीर देते. तिची मर्यादा एवढीच की ती एका हातात राहते, बॅगेत मावत नाही आणि मुठीला पट्टा नसल्याने दिवसभर घट्ट धरून बोटे अवघडतात. ज्यांची चाल मुख्यतः सपाटीची आहे त्यांनी केवळ नवे साधन म्हणून महागडी जोडी घेऊ नये. दऱ्या उतरणाऱ्यांना मात्र दोन पोलच हवेत, कारण उतारावर एका बाजूला आधार आणि दुसरी बाजू मोकळी असे झाले की शरीर काठीच्या बाजूला कलते आणि तोल सांभाळणे अवघड जाते.

दुसरा टप्पा: लांबी

ज्या बुटांत चालणार ते बूट घालून सपाट जमिनीवर उभे राहावे, पोलचे टोक पावलाच्या शेजारी टेकवावे आणि मूठ धरावी. कोपर साधारण काटकोनात आले की ती आपली सपाटीची लांबी होय. अंदाजासाठी आपल्या उंचीला ०.६८ ने गुणावे: १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीला सुमारे ११२ आणि १५० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीला सुमारे १०२ सेंटिमीटर. दीर्घ चढावर यातून ५ ते १० सेंटिमीटर कमी करावेत आणि दीर्घ उतारावर तेवढेच वाढवावेत, म्हणजे पुढच्या खालच्या जागी टोक टेकवताना कंबरेतून वाकावे लागत नाही.

आता खरी मेख अशी की पोलवर लिहिलेली जास्तीत जास्त लांबी सगळे पाहतात, पण कमीत कमी लांबी कुणी पाहत नाही. आपल्याकडील अनेक स्त्रियांची आणि किशोरवयीन मुलांची उंची पाहता, चढावर त्यांना ९५ सेंटिमीटरच्या आसपासची लांबी लागते. काही पोल, विशेषतः घडीचे, ११० सेंटिमीटरपेक्षा आखूड करताच येत नाहीत. अशा पोलने चढताना हात सतत छातीशी येतात आणि तासाभरात खांदे भरून येतात. म्हणून घरातल्या दोघांत एकच जोडी वापरायची असेल, तर दोघांच्याही चढाची आणि उताराची लांबी त्या पोलच्या मर्यादेत बसते का, हे आधी मोजून पाहावे. नळीवर शेवटची खूण असते. तिच्या पलीकडे पोल ओढून लांब करणे धोक्याचे आहे, कारण नळ्यांचा एकमेकींतला भाग कमी उरतो आणि भार आल्यावर काठी तिथेच वाकते किंवा मोडते.

तिसरा टप्पा: लॉक, कारण सगळे इथे ठरते

लॉकवर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन. पोलच्या नळ्या एकमेकींत सरकतात, आणि हव्या त्या लांबीवर त्यांना धरून ठेवणारी यंत्रणा हाच त्याचा सर्वांत नाजूक आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. उतारावर पाय घसरला आणि त्याच क्षणी लॉक सुटून काठी दहा-पंधरा सेंटिमीटरने आखूड झाली, तर ती नसती तर बरे झाले असते असे वाटावे इतका तोल जातो.

पहिला प्रकार बाहेरच्या खटक्याचा. नळीवर एक पकड असते आणि तिचा खटका दाबून बंद केला की ती नळीला आवळते. तो बंद आहे की उघडा हे डोळ्यांनी दिसते, हातमोजे घालूनही तो उघडता येतो आणि पकड सैल झाली तर बाजूचा लहान स्क्रू किंचित फिरवून घट्ट करता येते. दुसरा प्रकार पीळ देऊन आवळण्याचा: नळी फिरवली की आतला प्लास्टिकचा भाग फुगून भिंतीला घट्ट बसतो. हे पोल हलके आणि स्वस्त असतात, मात्र आत धूळ, ओलावा किंवा बारीक वाळू शिरली की पकड घसरू लागते, आणि ती घसरणार आहे हे बाहेरून कळत नाही. आपल्या काळ्या मातीचा बारीक चिखल आणि उन्हाळ्यातली धूळ पाहता, नवशिक्यांनी खटक्याचे लॉकच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. पीळ देण्याचे पोल आधीपासून घरात असतील तर ते टाकून देण्याचे कारण नाही. नळ्या पूर्ण बाहेर काढून आतला भाग कोरड्या फडक्याने पुसावा आणि प्रत्येक उतारापूर्वी पोलवर वजन देऊन पाहावे.

तिसरा प्रकार घडीच्या पोलचा. तंबूच्या काठ्यांप्रमाणे यांचे तुकडे आतल्या दोरीने जोडलेले असतात आणि एक बटण बाहेर आले की सर्व तुकडे ताठ राहतात. घडी साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरची होते, तर सरकत्या नळ्यांचे पोल मिटले तरी बहुधा ६० सेंटिमीटरच्या आसपास राहतात. बसने किंवा दुचाकीने जाणाऱ्यांना ही घडी सोयीची वाटते. मात्र यातले काही पोल एकाच लांबीचे असतात, काहींची फक्त वरची नळी थोडी सरकते. ज्यांचा तंबू पोलच्या आधारावर उभा राहतो, त्यांनी तंबूला किती सेंटिमीटर उंचीचा आधार लागतो ते पाहिल्याशिवाय घडीचे पोल घेऊ नयेत.

नळी कशाची हवी, हा वाद त्यामानाने लहान आहे. ॲल्युमिनियमची जोडी साधारण ५०० ते ६०० ग्रॅमची असते, कार्बनची ३५० ते ५०० ग्रॅमची. ॲल्युमिनियम जास्त ताण आल्यास आधी वाकते, आणि वाकलेली काठी सांभाळून वापरत घरी परतता येते. कार्बनला खडकाचा खोल ओरखडा बसला असेल तर तो तिथून एकदम तुटू शकतो. विंध्यातल्या बेसाल्टच्या दगडांच्या राशींमध्ये टोक दोन दगडांच्या फटीत अडकणे नेहमीचेच असल्यामुळे आपल्या भागासाठी मी ॲल्युमिनियम सुचवतो. वाचलेले शंभर-दीडशे ग्रॅम अनेक दिवसांच्या, मोठ्या ओझ्याच्या ट्रेकमध्ये हातांना जाणवतात. रविवारच्या भटकंतीत ते फारसे जाणवत नाहीत, आणि कार्बनची किंमत मात्र बरीच जास्त असते. मुठीत स्प्रिंग बसवलेले, धक्का शोषणारे पोलही मिळतात. मनगट दुखत असेल तर त्यांचा उपयोग होतो. इतरांना तो वाढीव वजनाचा भाग आहे, आणि भार देताना काठी किंचित दबल्याची जाणीव काहींना अस्थिर वाटते.

चौथा टप्पा: मूठ आणि पट्टा

मुठीचा निर्णय हवामानावर सोडावा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या उकाड्यात हाताला घाम येतो. रबरी मूठ अशा वेळी तळहाताला घासते आणि फोड येतात. कॉर्कची मूठ घामातही निसटत नाही आणि वापराने हाताच्या आकाराला सरावते. फोमची मूठ मऊ आणि हलकी असते, घाम शोषते, पण लवकर झिजते. रबर थंडीत आणि बर्फात चांगले. मुठीच्या खाली नळीवर फोमचे आवरण आणखी वीसेक सेंटिमीटर गेलेले असेल तर ते अवश्य घ्यावे. जोगी भडकसारख्या ठिकाणी वाट क्षणात चढते आणि क्षणात उतरते; दर वेळी लांबी बदलत बसण्यापेक्षा चढावर हात खाली घसरवून तो फोम धरणे सोपे जाते.

पट्टा बहुतेक जण चुकीचा वापरतात. हात वरून पट्ट्यात घालून मूठ धरली, तर सगळा भार बोटांच्या पकडीवर येतो. पट्ट्याच्या फासातून हात खालून वर न्यावा, मग पट्ट्यासह मूठ धरावी. अशाने भार मनगटावरून पट्ट्यावर जातो आणि बोटे सैल राहतात. दुकानात पट्टा अशा रीतीने घालून पाहावा. तो कडक असेल, शिवण टोचत असेल किंवा लांबी ठरवणारी पट्टी सरकत असेल, तर दिवसभराच्या चालीत त्याची किंमत मोजावी लागते. काही पोलवर डावा आणि उजवा अशा खुणा असतात, त्या पाळाव्यात.

पाचवा टप्पा: टोक आणि चकती

चांगल्या पोलचे टोक टंगस्टन कार्बाइडचे असते. ते माती, मुरूम, खडबडीत दगड आणि कठीण बर्फ यांत चांगले रुतते. शेवाळलेल्या गुळगुळीत बेसाल्टवर मात्र हेच टोक सरकते, कारण त्याला रुतायला काही मिळत नाही. पावसाळ्यात धबधब्याच्या आसपास टोक दगडाच्या पाठीवर न टेकवता दोन दगडांमधल्या मातीत, खाचेत किंवा गवताच्या बुंध्याशी टेकवावे, आणि पूर्ण भार देण्याआधी हलकेच दाबून पाहावे. जिथे टेकवायला जागाच नाही, तिथे पोल एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने खडक धरावा.

टोकावर बसवण्याचे रबरी बूच सोबत येते किंवा वेगळे घ्यावे लागते. डांबरी रस्ता, फरसबंदी, मंदिराच्या आणि घाटाच्या पायऱ्या यांवर ते लावलेच पाहिजे. त्याने आवाज थांबतो, टोक झिजत नाही आणि दगडांवर ओरखडे उमटत नाहीत. महेश्वरच्या घाटांवर किंवा मांडूच्या वास्तूंमध्ये उघडे टोक टेकवत चालणे मला अक्षम्य वाटते. परिक्रमेला जाणाऱ्याने बुचांच्या दोन-तीन जोड्या जवळ ठेवाव्यात, कारण रस्त्यावर ती लवकर झिजतात. बुचाचा व्यास सर्व पोलला सारखा नसतो, म्हणून सुटी बुचे घेताना टोकावर बसवून पाहावीत. चिखलात रबर घसरते आणि निसटून तिथेच राहते, तेव्हा दरीत उतरण्यापूर्वी ते काढून खिशात ठेवावे.

टोकाच्या वर बसणारी चकती, जिला ट्रेकर बास्केट म्हणतात, काठीला जमिनीत खोल जाऊ देत नाही. आपल्या काळ्या मातीत लहान चकतीच ठेवावी. मोठ्या चकतीला चिखलाचा गोळा चिकटतो आणि दर पावलाला तो उचलावा लागतो. बर्फासाठी रुंद चकती लागते. चकत्या बदलता येतात की कायमच्या बसवलेल्या आहेत, हे विकत घेतानाच पाहावे, म्हणजे हिमालयासाठी दुसरी जोडी घ्यावी लागत नाही.

दुकानातली परीक्षा

किंमत एका पोलची आहे की जोडीची, हे पहिल्याने विचारावे, कारण पुष्कळ पोल सुटे विकले जातात. मग पोल आपल्या उताराच्या लांबीवर लावून लॉक बंद करावे, टोक जमिनीवर सरळ टेकवावे आणि दोन्ही तळवे मुठीवर ठेवून शरीराचे वजन हळूहळू वाढवत द्यावे. नळी जरादेखील सरकली तर स्क्रू घट्ट करून पुन्हा पाहावे. तरीही सरकत असेल तर ती जोडी घेऊ नये. खटका बंद करताना अंगठ्याला थोडा जोर लागला पाहिजे, पण दुसऱ्या हाताची मदत लागता कामा नये. नंतर पोल उचलून हवेत हलवावा: खडखडाट झाला तर जोड सैल आहेत. शेवटी सुटे टोक, चकती आणि बूच याच दुकानात पुढेही मिळतील का ते विचारावे. नामांकित पण सुटे भाग न मिळणाऱ्या पोलपेक्षा साधा, पण दुरुस्त होणारा पोल मी केव्हाही पसंत करेन. ऑनलाइन मागवल्यास हीच परीक्षा घरी, परत करण्याची मुदत संपण्याआधी करावी.

पहिल्या दरीआधी सराव

नवे पोल घेऊन थेट हत्यारी खोहसारख्या घळीकडे जाऊ नये. राळामंडळची टेकडी शहराच्या जवळ आहे आणि तिच्यावर चढ-उताराची चांगली वाट आहे, तिथे सकाळी सराव करावा. सपाटीवर आणि सौम्य चढावर डावा पाय पुढे तेव्हा उजवा पोल, हा चालण्याचा स्वाभाविक क्रम आपोआप बसतो. त्याचा फार विचार केला की उलट गोंधळ होतो. तीव्र चढावर दोन्ही पोल एकत्र पुढे टेकवून दोन पावले टाकता येतात. उतारावर टोक पावलाच्या थोडे पुढे आणि खाली टेकवावे, कोपर किंचित वाकलेले ठेवावे, आणि आधी काठी, मग पाय हा क्रम पाळावा. ताठ हाताने दूरवर टोक मारल्यास धक्का थेट खांद्याला बसतो. मागे चालणाऱ्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर टोके जाऊ नयेत म्हणून अरुंद वाटेवर दोघांत अंतर ठेवावे.

जिथे घसरल्यास काठी सोडून हात मोकळे करावे लागतील, किंवा टोक दगडांत अडकून मनगट पिळवटण्याचा संभव आहे, तिथे पट्ट्यातून हात बाहेर काढावेत. ओढा ओलांडतानाही हेच करावे. शिवाय सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडावा, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवावे आणि एका वेळी एकच पाय किंवा एकच पोल हलवावा, म्हणजे कायम तीन ठिकाणी आधार राहतो. चोरलसारख्या नदीचे पाणी पावसाळ्यात वर कुठेतरी झालेल्या पावसाने अचानक वाढते. पाणी गढूळ झाले किंवा त्यात काटक्या-पाचोळा वाहू लागला, तर पोल हातात आहेत म्हणून उतरू नये, मागे फिरावे.

निगा आणि प्रवास

भटकंतीहून आल्यावर त्याच संध्याकाळी नळ्या पूर्ण वेगळ्या कराव्यात, चिखल पाण्याने धुवावा आणि सर्व भाग सावलीत वाळू द्यावेत. ओल्याच मिटवून ठेवलेल्या नळ्या आतून गंजट पांढुरक्या होतात आणि पुढच्या वेळी सरकत नाहीत. तेल किंवा ग्रीस नळीला लावू नये, कारण मग लॉकची पकडच जाते. ठेवताना खटके उघडे ठेवावेत आणि घडीच्या पोलचा ताण सोडून ठेवावा. टोकाचा कार्बाइडचा भाग झिजून प्लास्टिक जमिनीला लागू लागले की टोक बदलावे. ते न बदलता चालत राहिल्यास आधी प्लास्टिक आणि मग नळीचे तोंड खराब होते.

विमानाने जाताना पोल हातातल्या सामानात न ठेवता चेक-इनच्या सामानात, टोकांना रबरी बुचे लावून, कपड्यांच्या मधोमध ठेवावेत. रेल्वेत आणि बसमध्ये ते सॅकच्या बाहेरच्या फासांना अडकवल्यास टोके खाली आणि झाकलेली असावीत. घर सोडण्यापूर्वी खटक्याचा स्क्रू फिरवण्यासाठी लागणारे छोटे साधन, एक सुटे बूच आणि थोडी चिकटपट्टी सॅकच्या वरच्या कप्प्यात टाकावी. चिकटपट्टी खालच्या नळीवरच गुंडाळून नेली तर तिला वेगळी जागाही लागत नाही, आणि वाटेत नळीला तडा गेलाच तर वाळक्या काटकीचा आधार देऊन ती तिथल्या तिथे बांधता येते.